मागच्या गाडीची ओ

बारामती ते इंदापूर या टापूत माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या आवाजावर जास्त विश्वास ठेवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहत होता. ते माझ्या वडिलांचे बालमित्र. सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही तात्याच म्हणत असे. त्यांचे चार ट्रक होते. हंगामात ते भिगवणकडचा ऊस माळेगावच्या कारखान्यावर आणत, एरवी मिळेल तो माल वाहत. ट्रक इतरांकडेही होते, पण तात्यांच्या ट्रकमध्ये वायरलेस होता. परदेशातले ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलायला वापरतात तसले सीबी रेडिओचे संच त्यांच्या मेहुण्यानं मस्कतहून आणून दिले होते. परवान्यासाठी तात्यांनी इतके खेटे घातले की शेवटी साहेबच त्यांना बघून दमले आणि सही करून मोकळे झाले. घराच्या छपरावर उंच लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकाला एरियल होती. तिच्यावर कावळे बसू नयेत म्हणून तात्यांनी पाइपाला आपला जुना सदरा बांधला होता. लांबून पाहणाऱ्याला वाटे, कुणीतरी छपरावर उभं राहून आपल्याला हात करतंय.

सेटवर बोलून बोलून त्यांना एक खोड लागली होती. बोलणं संपलं की ते 'ओव्हर' म्हणत, मग समोर सेट असो की माणूस. "चहा टाक, ओव्हर," असं ऐकूनच काकींचं निम्मं आयुष्य गेलं असेल. एकदा ते माझ्या वडिलांबरोबर एका दुःखाच्या घरी भेटायला गेले. बराच वेळ खाली मान घालून बसले आणि उठताना म्हणाले, "झालं ते लई वाईट झालं. धीर धरा, ओव्हर." माझ्या वडिलांना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या घरातल्या म्हाताऱ्याला वाटलं, शिकलेल्या लोकांत असंच म्हणत असतील. त्यानं डोळे पुसले, हात जोडले आणि गंभीरपणे म्हणाला, "ओव्हर."

दुसरी भानगड मारुतीच्या देवळात व्हायची. तात्यांचा आवाज अधूनमधून देवळाच्या भोंग्यात शिरे. एका शनिवारी भजन ऐन रंगात आलेलं असताना भोंग्यातून आवाज आला, "गुलाब, मागचं टायर बघ, ओव्हर." टाळ थांबले. पुजारी तसाच तात्यांच्या दारात आला. "तात्या, देवाला टायर कशाला बघायला सांगताय?"

"देवाला न्हाय, माझ्या ड्रायव्हरला, गुलाबला सांगितलं," तात्या म्हणाले. "तुमच्या भोंग्याची वायर उघडी हाय. ती झाका आधी. न्हायतर उद्या गुलाबच्या शिव्या बी देवाला ऐकू जातील."

माझा या सगळ्याशी संबंध आला तो सेटबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेमुळे. गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच होते. तात्या मला 'मॅडम' म्हणत. चेष्टा असे, पण बोचरी नसे. "मॅडम, हे बटन काय म्हणतंय ते जरा इचारा," म्हणून ते पुस्तिका पुढे करत. मला माणसांत बोलायचा संकोच वाटे. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जात असे. पण तो सेट मला आवडला. त्यात एकानं बटण दाबलं की ते सोडेपर्यंत दुसऱ्याला काही बोलताच येत नाही. आमच्या घरात अशी सोय नव्हती. कॉलेजात जायला लागले तरी सुट्टीतल्या संध्याकाळी मी तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसत असे. तिथे मला कुणी बोलायचा आग्रह करत नसे.

दिवस मावळायला लागला की तात्या सेटपुढे बसत आणि एकेका ड्रायव्हरचं नाव घेऊन विचारत, "हाय का?" ड्रायव्हरनं फक्त "हाय" म्हणायचं. कुठं आहेस, किती माल, काही विचारायचं नाही. तात्यांचे वडील लोणी भापकरच्या माळावर मेंढरं राखायचे. तिथे संध्याकाळी मेंढके एकमेकांना अशीच हाक देत. लांबच्याला ऐकू गेली नाही तर मधला माणूस ती पुढे देई आणि त्याची ओ माघारी आणी. तात्यांनी तीच रीत रस्त्यावर आणली होती. भिगवणपर्यंत आमच्या सेटचा आवाज पोचत नसे. मग अलीकडच्या ट्रकनं पलीकडच्याला विचारायचं आणि त्याची ओ आम्हाला सांगायची.

या हाकेच्या वेळी ड्रायव्हरांच्या बायका ओसरीच्या पायरीवर येऊन बसत. आपल्या माणसाचं 'हाय' ऐकलं की पदर खोचत उठत आणि घरी जाऊन भाकरी थापायला घेत. जालिंदर नावाच्या ड्रायव्हरची बायको शालन सगळ्यांत आधी येई आणि सगळ्यांत शेवटी उठे, कारण जालिंदरचा ट्रक नेहमी मागे राही. बाकीच्या तिला चिडवत, "शाले, तुझा नवरा ट्रक चालवतो का बैलगाडी?" ती म्हणे, "हळू येतो, पर येतो की न्हाय?"

पुढे ढाब्याढाब्यावर एसटीडी बूथ झाले. तात्यांचा मुलगा म्हणू लागला, "तात्या, काढा आता ते डबे. कुणाला काय सांगायचं असलं तर फोन करतील की."

"फोन काम असलं म्हंजी करत्यात," तात्या म्हणाले. "काम नसताना तू मला कधी फोन केलास? ओव्हर."

पण ड्रायव्हर मुलाच्या बाजूचे होते. सेटची आणि टेपरेकॉर्डरची वायर एकच होती, आणि ड्रायव्हरला रोजच्या 'हाय'पेक्षा गाणी प्यारी. हळूहळू ते सेट काढून ठेवू लागले. तात्या रागावू नयेत म्हणून मग असं होऊ लागलं की जो कुणी अलीकडे असेल तो सगळ्यांची ओ सांगून टाकी. "गुलाब हाय. मागं जालिंदर हाय. त्याच्या मागचा बी हाय." एका दमात. मला ते ऐकताना वाटे, याला मागच्याला विचारायला वेळ तरी कधी मिळाला? तात्यांना मी तसं म्हणाले. ते हसले. "पोरं कंटाळत्यात, मॅडम. पर हाय म्हंत्यात ना, हाय असतील."

त्या हंगामाच्या अखेरीस एका संध्याकाळी तात्यांनी हाक दिली. गुलाब म्हणाला, "गुलाब हाय. मागं जालिंदर हाय." शालन उठली आणि घरी गेली. जालिंदरचा ट्रक दुपारीच भिगवणच्या अलीकडे एका बैलगाडीला वाचवताना उसासकट उलटला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हाच त्याच्यात जीव नव्हता. गुलाबला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं रोजच्यासारखीच मागच्याची ओ सांगितली होती. पोलिसांचा निरोप पोचून आम्ही शालनकडे गेलो, तेव्हा तिच्या भाकऱ्या करून झाल्या होत्या आणि तिनं त्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या.

गुलाब तात्यांच्या पायांवर पडून रडला. तात्यांनी त्याला एक शब्द सुनावला नाही. "रीत माझीच व्हती," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी सेटवरून हाक दिली नाही. संध्याकाळी ते त्याच्यापुढे बसत, तो चालू करत आणि नुसती खरखर ऐकत. त्यांचं 'ओव्हर'ही बंद झालं. त्यामुळे त्यांचं बोलणं कुठं संपलं ते कळेनासं झालं, आणि काकी हातात चहाचा कप घेऊन उगाच वाट बघत उभ्या राहू लागल्या.

मुलानं सेट काढायला माणूस बोलावला, त्याच संध्याकाळी शालन आली. तेराव्यानंतरही ती घराबाहेर पडली नव्हती. सवयीनं पायरीवर येऊन बसलेल्या इतर बायका सरकल्या, पण ती बसली नाही. आत आली आणि तात्यांना म्हणाली, "तात्या, बटन कंचं?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. बटण मी दाखवलं. तिनं ते इतकं घट्ट दाबलं की तिचं नख पांढरं झालं.

"गुलाबभाऊ, हाय का?"

मग गुलाबचा आवाज आला, "हाय, वैनी."

"मागचं सांगू नगा," शालन म्हणाली. "ज्याची ओ त्यानं द्यायची. मी थांबते."

वायरी कापायला आलेला माणूस चहा पिऊन परत गेला. त्यानंतर रोज तीच हाक देऊ लागली. लांबचा ट्रक टप्प्यात येऊन स्वतः 'हाय' म्हणेपर्यंत ती सेटपुढून हलत नसे. बायकांच्या भाकऱ्यांना उशीर होऊ लागला, पण कुणी कुरकुर केली नाही. ड्रायव्हरांनी सेट पुन्हा जोडले. तिच्या हाकेला दुसऱ्याच्या नावानं ओ द्यायची कुणाचीच छाती झाली नाही.

पुढे मी पुण्याला राहायला गेले. तिथे लोकांच्या हातात मोबाइल दिसू लागले होते. एका दिवाळीत घरी आले तेव्हा तात्यांचे तीन ट्रक विकले गेले होते. उरलेला गुलाब चालवत होता आणि सेट फक्त त्याच्या ट्रकमध्ये होता. "आता त्याचा उपयोग काय?" असं माझे वडील म्हणाले. मी संध्याकाळी समोर गेले. पायरीवर कुणी नव्हतं. शालन सेटपुढे बसली होती आणि तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून होते. छपरावरचा सदरा कधीच फाटून गेला होता.

तिनं हाक दिली. उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा दिली. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होते. तात्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते. आणि मग खरखरीतून, फार लांबून आवाज आला, "हाय, वैनी. आलो."

शालननं सेट बंद केला आणि ती पदर खोचत उठली. तिला कुणासाठी भाकरी करायची नव्हती, तरी ती तशीच उठली. तात्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त त्यांचे हात सुटले, आणि कितीतरी वर्षांनी, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, ते म्हणाले, "ओव्हर."