घसा बसल्याचं निमित्त

कॉलेजात शिकवायला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत, दर जुलैत नव्या पोरापोरींपुढे ‘अभ्यास कसा करावा’ यावर बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. मी बोलायचे. वेळापत्रक करा, टिपणं काढा, एकमेकांना समजावून सांगा. पोरं मान डोलवायची, काही जांभया द्यायची. यातला शेवटचा सल्ला द्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता, आणि तो का नव्हता ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीहून मी चंद्रपूरला बी.ए.ला आले. बाबा भात संशोधन केंद्रावर रोजंदारीनं जायचे. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात शिकायचं की नाही असा प्रश्नच नसायचा. एखाद वेळी चूल पेटायची नाही, पण वही यायची. वसतिगृहात माझ्या खोलीत जी मुलगी आली ती कुरखेड्याच्याही पलीकडच्या जंगलातल्या एका गावची. गोंड. घरी गोंडी बोलायची, मराठी तिला शाळेनं शिकवलेली. त्या गावातून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. गावच्या शाळेत मास्तर महिन्यातून दोनदा उगवायचा, आणि तिला त्याच शाळेत बाई होऊन रोज जायचं होतं. वसतिगृहाचा नियम कडक होता. नापास झालं की जागा गेली. चंद्रपुरात तिचं दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे जागा गेली की तिचं कॉलेजही संपणार होतं.

पहिल्याच आठवड्यात इतिहासाच्या सरांनी आम्हा सगळ्यांना बसवून अभ्यासाच्या युक्त्या सांगितल्या. पहाटे चारला उठा. मनात वाचा, ओठ हलता कामा नयेत. एकट्यानं अभ्यास करा, घोळक्यात वेळ जातो. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ती खोलीत आल्यावर म्हणाली, “चार वाजता तं आमी उठतोच. मोहा वेचाले जा लागते.” मी हसले. आता वाटतं, त्या सरांच्या सगळ्या युक्त्यांपैकी तेवढी एकच तिच्या कामाची होती.

कारण मनात वाचलेलं तिच्या डोक्यात टिकायचं नाही. पुस्तक घेऊन बसली की एकाच पानावर तासभर. वर्गात सर भरभर टिपणं सांगायचे, तिची वही अर्ध्या वाक्यांवर थांबलेली. पण कानांनी ऐकलेलं ती विसरायची नाही. हे मला कळलं ते कपडे धुताना. वसतिगृहाच्या मागं विहीर होती, तिथं दुपारी ती कपडे धूत होती आणि मी काठावर बसून इतिहासाचा धडा मोठ्यानं घोकत होते. संध्याकाळी जेवताना तिनं तो अख्खा धडा मला सांगितला. क्रमानं, नावांसकट. मी वहीत बघत राहिले. एक मुद्दा चुकला नव्हता.

तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. खोलीत मोठ्यानं वाचलं की रेक्टरबाई ओरडायच्या, म्हणून दुपारी विहिरीवर. मी वाचायची, ती कपडे धुवायची. तिचे आणि माझेही. हात चालू असले की तिला नीट ऐकू यायचं, असं ती म्हणायची. आणि मध्येच धुणं थांबवून कारण विचारायची, “काऊन?”

“लढाईत राजा हारला, ते काऊन? त्याच्यापाशी तं शिपाई होते ना?”

पुस्तकात याचं उत्तर नसायचं. मग मी मागची पानं चाळायची, विचार करायची, आणि तिला पटेल असं काहीतरी जुळवायची. ती पटल्याशिवाय सोडायची नाही. मला राग यायचा, पण सहामाहीत मी वर्गात पहिली आले ते त्या काऊनमुळं. तीही पास झाली. त्या दिवशी तिनं घरून आणलेले मोहाचे लाडू वर्गभर वाटले.

निकालानंतर सरांनी मला बोलावलं. म्हणाले, तुला प्रथम श्रेणी मिळू शकते, पण तू दुसऱ्यांना शिकवत बसतेस असं ऐकतो. स्वतःचं बघ. दुसऱ्याला ओढत नेणारा मागंच राहतो. मी मान डोलावली. सरांवर ढकलून मोकळी व्हायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. त्यांनी सांगण्याआधीपासून माझ्या मनात ते होतंच. विहिरीवर जाणारे दुपारचे दोन-दोन तास मला डोळ्यांपुढे दिसायला लागले होते. मला प्रथम श्रेणी हवी होती. फार हवी होती.

‘मी आता वाचून दाखवणार नाही’ असं सरळ सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून मी तिला म्हटलं, माझा घसा बसला. जानेवारीतले दिवस, थंडी होती, खपून गेलं. त्या वेळी आम्ही फ्रान्सच्या राजावर होतो. राजा वेश बदलून, बायकापोरांना गाडीत घालून पळाला, इथपर्यंत वाचून झालं होतं. ती म्हणाली, “राहू दे मंग. बरा झाला का वाचजो.”

चार दिवसांनी ती धानाच्या मळणीला घरी गेली. परत आली तेव्हा पदराच्या गाठीत बेहडे बांधून आणले होते. तिच्या आईनं जंगलातून वेचलेले. बेहड्याची साल तोंडात धरली की घसा मोकळा होतो, असं म्हणून तिनं एक दगडानं फोडला आणि साल माझ्या हातावर ठेवली. मी ती तोंडात धरली. तुरट, कडवट. तिच्यासमोर बसून मी ती चघळली आणि हळू, फाटक्या आवाजात ‘बरं वाटते’ म्हणाले. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी मी वाचलं नाही.

ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक एकच, तेही माझ्या नावावर. मी खोलीत भिंतीकडे तोंड करून मनात वाचायची. ओठ मिटलेले, अगदी सरांनी सांगितल्यासारखे. ती मागं विहिरीवर कपडे धुवायची. माझे कपडे तिनं धुवायचे थांबवले नाहीत. दांडीवर माझ्या ओढण्या वाळताना दिसायच्या आणि मी पान उलटायची.

फेब्रुवारीत एकदा सरांनी मला त्यांच्या खोलीत उत्तरं म्हणून दाखवायला सांगितली. मी खणखणीत आवाजात दहा मिनिटं बोलले. बाहेर आले तर ती व्हरांड्यात उभी. मलाच शोधत आली होती.

“बरा झाला वाट्टे घसा,” ती म्हणाली.

“थोडासा.”

“मंग वाचशीन का आज?”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “आता टाइम नाई ना वो. परीक्षा झाली का वाचीन.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाली, आणि चालू लागली. तिला सगळं कळलं होतं. मला तेव्हाच ते दिसलं, आणि दिसल्याचं मी तिला कळू दिलं नाही.

परीक्षेत राजाचाच प्रश्न आला. राजेशाही कशी संपली ते लिहा. माझ्यापुढच्या दुसऱ्या बाकावर ती बसली होती. आधीच्या प्रश्नांना तिचा हात चालत होता, मी बघितलं. मग तो थांबला. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत बसली. मी खाली मान घालून पुरवणी मागून घेतली. त्या वर्षातली निम्मी पुस्तकं तिनं ऐकलीच नव्हती, आणि बाकीच्या पेपरांतही निम्म्यावर तिचा हात असाच थांबत गेला.

जूनमध्ये निकाल लागला. कॉलेजच्या फळ्यावर माझ्या नावापुढं प्रथम श्रेणी. तिचा नंबर यादीत नव्हता. ती गावाहून निकाल बघायला आणि पेटी न्यायला आली होती. यादी तिनं दोनदा बोट फिरवून बघितली, आणि रडली नाही. मी रडले. तिनंच मला म्हटलं, “तू कायले रडून राह्यली? तुया तं पयला नंबर हाय.”

पेटी दोन्हीकडून धरून आम्ही बसस्टँडवर गेलो. कुरखेड्याची गाडी लागायला वेळ होता. ती पेटीवर बसली, मी उभी. पुढच्या वर्षी बाहेरून बस, मी पुस्तकं पाठवीन, असलं काहीबाही मी बडबडत होते. तिनं मला मध्येच थांबवलं.

“झाली ना आता परीक्षा?”

“हो.”

“मंग सांग. त्या राजाचं काय झालं?”

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तसं काही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पाच महिने ती राजाला रस्त्यात गाडीत सोडून थांबली होती.

“सापडला तो,” मी म्हटलं. “रस्त्यातच वयखलं लोकाइनं. वापस आणलं, आन मंग मुंडकं उडवलं.”

“आन बायकोचं?”

“तिचंबी.”

ती पेटीवर थोडी पुढं सरकली. मग म्हणाली, “आन लेकराइचं?”

मी तोंड उघडलं आणि मला आठवेना. ते पान मी वाचलं होतं, चारदा वाचलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. पण मुलांचं काय झालं असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि स्वतःहून मी विचारलं नव्हतं. गाडी लागली. लोक घुसले. तिनं पेटी वर चढवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“पाहून ठेव वो. मंग सांगजो.”

मी त्याच आठवड्यात पाहून ठेवलं. मुलगा कोठडीत मेला, मुलगी तेवढी जगली. ग्रंथालयातल्या जाड पुस्तकात दोन ओळी होत्या, मी त्या वहीत लिहून घेतल्या. पुढं मी एम.ए. झाले, त्याच विषयाची प्राध्यापक झाले, आणि तीसेक वर्षं मुलांना तो राजा शिकवला. कुरखेड्याची गाडी रोज सुटत होती. मी एकदाही तिच्यात बसले नाही.