मिलिंद राजाला टूथपेस्ट

मंडळी, आज लक्ष्मीपूजन आहे आणि माझं डोकं फिरलंय.

इथे परदेशात, पेंडल हिलच्या आमच्या स्टुडंट घरात सध्या पुण्याहून आई आलीय. माझ्या टेबलावर एक चांदीचं नाणं होतं. मिनँडर नावाच्या ग्रीक राजाचं, म्हणजे आपण ज्याला मिलिंद म्हणतो त्याचं. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी. ते माझं नाहीच! युनीच्या कॉइन क्लबमधल्या म्हाताऱ्या डेव्हिडने मला शनिवारच्या टॉकसाठी विश्वासाने दिलेलं. देताना एकच म्हणाला, "नेव्हर क्लीन इट, मेट."

अर्वोला, म्हणजे दुपारनंतर, शिफ्टवरून घरी आले, तर ते चौरंगावर लखलखतंय. वर हळदीकुंकू.

"केवढं काळं पडलं होतं गं! टूथपेस्टने घासून काढलं," आई खुशीत म्हणाली.

"आई, तो काळा थर दोन हजार वर्षांचा होता! त्याच्यामुळे तर अक्षरं वाचता यायची!"

"मग काय, लक्ष्मीपुढे काळी चांदी ठेवायची?"

नाणं माझं नाही, डेव्हिडचं आहे, म्हणून मी ओरडले. ती डबा भरायला लागली. "त्यांना चकल्या दे. सांग, नाणं आईने घासलं."

इतकी राज्यं आली नि गेली, नाणं टिकलं. आईला एक दुपार पुरली.

आता राजाच्या केसांत कुंकू अडकलंय. ते काढायचं तर परत घासणं आलं. तुम्ही काय केलं असतं? पटकन सांगा, आई ब्रश शोधतेय.