कडकच्या कंबरेची दोरी

आमच्या इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याला सगळे 'कडक' म्हणतात. कॉलरला तो अशी इस्त्री मारतो की मान वळवायची सोय राहत नाही, म्हणून. स्वतःचा शर्ट मात्र कायम चुरगळलेला. माणूस गरीब स्वभावाचा, पण मदतीचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं झटकून टाकतो. मला त्याचा राग येतो तो एवढ्याचसाठी.

दुकान म्हणजे एक टेबल, गठ्ठ्यांची फळी आणि मागे राहायची खोली. पूर्वी त्याची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, बाटलीने कपड्यांवर पाणी मारायच्या आणि हा इस्त्री फिरवायचा. दोघांना बोलायची गरजच पडायची नाही. मग वहिनींना विसर पडू लागला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. हात काम विसरले नाहीत, फक्त आधी काय आणि नंतर काय ते विसरले. घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवर त्या पाणी मारू लागल्या. कडक त्यांच्या हातातून बाटली काढून घ्यायचा नाही. पुन्हा घडी मोडायचा, पुन्हा इस्त्री करायचा. मी एकदा तशीच ओलसर पँट घालून ऑफिसला गेलो आणि दिवसभर खुर्चीवरून उठायची चोरी झाली. संध्याकाळी त्याला चांगलं फैलावर घ्यायला खाली उतरलो, पण त्याचे सुजलेले डोळे बघून "छान झाली होती इस्त्री" एवढंच म्हणून परत आलो.

पुढे वहिनींनी बाहेरची वाट धरली. "मला घरी जायचंय," म्हणायच्या आणि राहत्या घरातून चालू पडायच्या. दोनदा भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध सापडल्या. तेव्हा कडकने गठ्ठे बांधायची दोरी घेतली. एक टोक त्यांच्या कंबरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या. दोरी नळापर्यंत पुरेल एवढी. कपडे घरोघर पोचवणं बंद झालं, आम्हीच खाली जाऊन आणू लागलो. म्हणायचो, "अरे, तासभर आम्ही बसतो, तू जरा पाठ टेक." त्याचं उत्तर ठरलेलं, "माझी बायको आहे. मी बघतो." आणि गरम इस्त्री हातात धरून उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा.

मग एक दिवस लेक आली. परगावी नोकरी करणारी, बापासारखीच हट्टी. मी कपडे न्यायला तिथेच उभा होतो. दोरी बघून तिचा पारा चढला.

"बाबा, आईला गुरासारखं बांधून ठेवलंय तुम्ही?"

"मीही बांधलेलाच आहे की," कडक म्हणाला.

"उद्या मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार."

त्याने इस्त्री बाजूला उभी केली. वहिनी गेल्या तर हा माणूस टिकायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी तो भांडला नाही. "घेऊन जा," म्हणाला. "पण आजची दुपार तू बस तिच्यापाशी. मी कपडे पोचवून येतो." आणि त्याने दोरी सोडून फळीवर ठेवली. मी वर आलो.

लेकीला फोन आला, ती बोलायला जरा वळली, तेवढ्यात वहिनी पसार. लेक गल्ली पालथी घालत होती तेव्हा वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या, हातात गठ्ठा. "कपडे," म्हणाल्या. सगळे बायकांचे झगे होते आणि मी घरात एकटा राहतो, पण म्हटलं, "या, बसा." माझे होते नव्हते ते रुमाल त्यांच्यासमोर टाकले. त्या घड्या घालत बसल्या आणि मी खिडकीतून लेकीला हाक मारली.

लेक धापा टाकत वर आली. आईला बघितलं आणि उंबऱ्यावरच बसून रडली.

"एक फोन घेतला हो काका, फक्त एक. बाबा हे रोज कसं करतात?"

"करतात कसलं, झिजतायत," मी म्हणालो. मला गोड बोलता येत नाही. "आणि तू आईला नेलंस की तू झिजशील. त्यापेक्षा आम्हाला बसू दे. पण ते तुझ्या बापाला तूच सांग. आमचं तो ऐकत नाही."

खाली कडक रिकाम्या दुकानात उभा होता. वहिनी दिसल्या तसा मटकन खाली बसला. लेकीने फळीवरची दोरी उचलली. एक टोक आईला बांधलं, दुसरं स्वतःच्या कंबरेला.

"आई इथेच राहील," ती म्हणाली. "पण रोज दुपारी इमारतीतलं कोणीतरी तिच्यापाशी बसेल आणि तुम्ही झोपाल. नाही म्हणालात तर मी तिला नेणार म्हणजे नेणार."

कडक माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बघतोस काय, झोप." मग तो इस्त्री न केलेल्या कपड्यांच्या ढिगावर आडवा झाला आणि पडल्या पडल्या घोरू लागला.

थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावरच्या बाई आपले झगे मागायला आल्या आणि बाहेरूनच त्याला जोरजोरात हाका मारू लागल्या. वहिनी दोरी पुरेल तेवढ्या पुढे गेल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "कोण आहे हा माणूस, मला माहीत नाही. पण फार दमलाय हो बिचारा."