घड्याळबाईंचा पाऊण तास

हाडांच्या वॉर्डात आमच्या मुख्य सिस्टरांना सगळे घड्याळबाई म्हणत, पण त्यांच्या पाठीमागे. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण हाडांच्या वॉर्डात हयात घालवूनही बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. सांधे सुजलेल्या आजीला रविवारची गोळी सोमवारीही लिहिली म्हणून त्यांनी एका डॉक्टरांची सगळ्यांदेखत बिनपाण्याने केली होती. "ही आठवड्यातून एकदाच द्यायची गोळी आहे. रोज गेली तर जीव घेईल," असं त्या नव्या मुलींना इतक्या वेळा सांगत, की आम्ही माना डोलावून कानाआड करायचो. मीही करायचे. त्याचीच ही गोष्ट.

बाई दहा दिवस रजेवर होत्या, तेव्हा सुतारकाका आले. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, त्यात जुना कंपवात. ऑपरेशन छान झालं, काका मात्र लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राहिले. उठेनात, घास गिळेनात, विचारलं तर नुसते बघत राहायचे. मी कागदावर लिहिलं, 'सहकार्य करत नाहीत.' एकदा नाही, रोज.

त्यांच्या मुलीने पहिल्याच दिवशी कंपवाताच्या गोळ्यांच्या वेळांची चिठ्ठी दिली होती. सहा, दहा, दोन, सहा. आमची औषधांची गाडी फिरायची आठ, दोन आणि आठला. मग काय, चार वेळच्या गोळ्या आम्ही तीन वेळांत बसवल्या, त्याही नाश्त्याच्या दुधाबरोबर, आणि चिठ्ठी फाइलच्या तळाशी गेली. त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

बाई परतल्या त्या दिवशी दहा वाजता मोठे डॉक्टर येऊन ठरवणार होते, काकांना घरी पाठवायचं की कायमचं सांभाळणाऱ्या संस्थेत. संस्थेचे कागद मुलीच्या मांडीवर होते. ती एकटी, नोकरी करणारी. हलत नाही असा माणूस ती घरी कसा सांभाळणार?

बाईंनी आल्याआल्या फाइल उलटी केली, चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्या गोळीचा अंमल चार तास. तो उतरला की माणूस जागच्या जागी थिजतो. आणि वर दूध! दुधाने ती अंगी लागत नाही, हे तुला कुणी शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

वॉर्डच्या डॉक्टरांना फोन करून त्यांनी चिठ्ठीतल्या वेळा लिहून घेतल्या आणि दहाच्या ठोक्याला काकांना गोळी दिली, नुसत्या पाण्याबरोबर. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले.

"पाऊण तास थांबा," बाई म्हणाल्या.

"सिस्टर, मला अजून चार वॉर्ड बघायचेत."

"मग ते बघून या. काका कुठे पळून जात नाहीत."

डॉक्टर पाय आपटत गेले. आम्ही थांबलो. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, काहीच नाही. बाईंचं यावेळी हसं होणार असं मला वाटलं. खरं सांगते, तसं व्हावं असंही क्षणभर वाटलं, म्हणजे माझी चूक चूक ठरली नसती. मग काकांनी नाक खाजवलं. इतक्या दिवसांत त्यांचा हात आपणहून वर गेलेला मी पाहिला नव्हता.

डॉक्टर परत आले तेव्हा काका खाटेच्या कडेला बसले होते. वॉकर धरून ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले. डॉक्टरांनी निमूटपणे 'घरी' असं लिहिलं. मुलीने कागद फाडले आणि रडतच बापावर ओरडली, "बाबा, मी सही करणार होते हो! काहीतरी बोलायचं तरी!"

काकांचा आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

"बोलत होतो गं. माझा पहिला शब्द निघेपर्यंत तू उठून गेलेली असायचीस." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आणि ही पोर रोज कानात ओरडून विचारायची, काका, मी कोण? मला माहीत होतं. ती थांबायचीच नाही."