पहिलीतली अकरा मुलं

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी बोरीजवळच्या आमच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिलीला अकरा मुलं दाखल झाली. हा आकडा माझ्या भाचीनं सात वर्षांपूर्वी कागदावर लिहिला होता. त्या अकरांपैकी एकही मूल तेव्हा जन्मलं नव्हतं.

भाची त्या वेळी परभणीत संख्याशास्त्र शिकत होती. तिची आई, माझी थोरली बहीण, या शाळेत नुकतीच बदलून आलेली शिक्षिका. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि शेवटी आलेला आधी जातो. बहिणीला माहेरचं गाव पुन्हा सोडायचं नव्हतं. पुढं काय होईल ते लेकीनं मांडून पाहायचं ठरवलं.

आम्ही तिघं घरोघर फिरलो. बाई कितवी शिकली, लग्न कितव्या वर्षी झालं, घरात नळ आहे का, नवरा पुण्याला कामाला आहे का. जन्म तिनं गावच्या नोंदीतून घेतले. सात वर्षांनी पहिलीत किती मुलं येतील, याचं उत्तर आलं अठरा. बहीण खूश झाली.

अंगणवाडीच्या ताईंनी जन्मांची यादी पाहिली आणि त्या हसायला लागल्या.

"अवं बाई, ह्या समद्या आपल्या लेकी की! पहिलं बाळंतपण माहेरी. लेकरं कवाच सासरी गेली."

"अन् आपल्या सुना?" बहिणीनं विचारलं.

"त्या वालूरला, झरीला गेल्या बाळंत व्हायला. एवढी शिकलेली पोरगी, अन् नुसते पाळणे मोजायलीय!"

भाचीचा स्वतःचा जन्मही याच गावच्या नोंदीत होता.

तिनं लेकी वगळल्या, सुना धरल्या. उत्तर आलं अकरा. मी शिक्षणाचा रकाना बोटानं वाचत खाली गेलो. सासवांपुढं कोरं, चौथी; सुनांपुढं दहावी, बारावी. शेजारी लेकरांचा रकाना: सहा, पाच, दोन, एक. जावाजावा एकमेकींशी बोलत नव्हत्या त्या घरांतही उतार तोच. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. बातमीदारीत मी मोर्चे पाहिले, सभा पाहिल्या. इतकी माणसं न ठरवता एका रेषेत चालताना पाहिली नव्हती. मी कागद बहिणीपुढं सरकवला.

"आमी पोरी शिकवल्या, अन् आमचाच वर्ग रिकामा व्हायलाय म्हण की," बहीण म्हणाली.

"आई, तुला तरी माझ्याशिवाय कोण हाय? तू पण ह्याच रकान्यात."

त्यानंतर शाळेत नवा शिक्षक आला नाही; शेवटी आलेली बहीणच राहिली. यंदा पटाची यादी तालुक्याला गेली. ऑगस्टमध्ये बदलीचा आदेश आला. बहीण सोमवारी सेलू तालुक्यातल्या शाळेत रुजू झाली.