बुटवलच्या चढावरचा लाल दिवा

कराडहून निघाल्यावर पाचव्या दिवशी आम्ही सोनौलीला नेपाळची हद्द ओलांडली, तेव्हा दोघांच्याही अंगात बोलण्याइतकं बळ उरलं नव्हतं. भन्सारच्या, म्हणजे तिथल्या जकातीच्या खिडकीपुढे गाडीची कागदपत्रं घेऊन मी उभी होते. माझे पती गाडीतच बसून होते, कारण खिडकीतला माणूस फार हळू आवाजात बोलत होता. हे कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन वर्षांपासून अशी कामं आपोआप माझ्याकडे आली होती.

त्यांनी लष्करात बावीस वर्षं ट्रक चालवला. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या भागात फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, तसे तेही मेजर झाले. स्वतःच्या गाडीने नेपाळच्या डोंगरातल्या मुक्तिनाथच्या देवळापर्यंत जायचं, हा त्यांचा जुना हट्ट. पुण्यात राहणारी आमची मुलगी विमानाची तिकिटं काढून देते म्हणाली, तर त्यांनी तिला विचारलं होतं, "बसून जायला मी काय पार्सल हाय?"

त्यांचं ऐकू येणं कमी झालं होतं. मला ते ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक असावं असा मला संशय होता, आणि मुलीला कळलं असतं तर तिने गाडीची किल्लीच काढून घेतली असती. किल्ली गेल्यावर या माणसाचं काय उरेल, याचा विचार करायला मी धजावत नव्हते. म्हणून मी झाकत होते. कुकरची शिट्टी झाली की आधी मीच म्हणायची, "झाली बरं का तिसरी." दाराची कडी वाजली की त्यांच्याकडे न बघता उठायची. दुसऱ्याचं उणं असं झाकत राहिलं की झाकणाऱ्याचे कान दुप्पट कामाला लागतात, आणि त्या कामाला सुट्टीचा वार नसतो.

माझे कान तसे पहिल्यापासून तयार. माहेर जत तालुक्यातलं. कुसळांच्या उघड्या माळावर मेंढरांची घुंगरं कोणत्या अंगाला गेली, पाण्याचा टँकर कुठल्या वळणावर आला, हे आम्ही मुली घरात बसून सांगत असू. पुढे कॉलेजात कविता शिकवताना मी मुलांना आधी डोळे मिटायला सांगायची, मग ओळ म्हणायची. शब्दाचा अर्थ नंतर येतो, त्याचं वजन आधी कानावर पडतं, असं मला तेव्हा फार वाटायचं. गाडी मीही चालवते, पण कराडात, बाजारापुरती. लांबच्या रस्त्यावर त्यांनी मला कधी चाकाला हात लावू दिला नाही.

डॅशबोर्डवर पहिला दिवा लागला तो हद्दीच्या खूप आधी, जबलपूरच्या अलीकडे. घोड्याच्या नालेसारखा पिवळा, मधे उद्गारचिन्ह; टायरमधली हवा कमी झाल्याची खूण. मी तो दाखवला.

"दिव्याचं काय ऐकायचं?" ते म्हणाले. "गाडी सोता बोलती."

लष्करातली रीत अशी की सकाळी गाडी हलवण्यापूर्वी तिची 'फर्स्ट परेड' घ्यायची. तेल, पाणी, पट्टे, टायर, एकेक बघायचं. हे काम ते घरीही चुकवत नसत. टायर तपासताना हवेचं यंत्र कधी वापरायचे नाहीत; लाकडी दांडक्याने प्रत्येक टायर ठोकायचे आणि मान कलती करून ऐकायचे. जबलपूरला सकाळी लॉजच्या अंगणात त्यांनी चारही टायर ठोकले. तिघांचा नाद भरलेल्या घागरीसारखा घट्ट होता. मागच्या डाव्या टायरचा मात्र ओल्या मातीवर थाप मारावी तसा आला.

"हा जरा बसका वाजतोय का?" मी विचारलं.

"कविता हाय व्हय ती?" असं म्हणून त्यांनी दांडकं डिकीत टाकलं.

तरी समाधानासाठी त्यांनी कराडच्या आमच्या मिस्त्रीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. तो नेहमीच स्पीकरवर असायचा. मिस्त्रीने सांगितलं, "मेजर, सेन्सर हाय त्यो. धूळ बसली की पेटतोय. लयच डोळ्यात खुपाय लागला तर वैनीस्नी एक टिकली मागा आन् लावा त्येच्यावर." दोघेही हसले. ह्यांनी खरोखरच माझ्याकडून टिकली मागून घेतली आणि दिव्यावर चिकटवली. तो दिवसभर मरून रंगाच्या त्या ठिपक्याखालून पिवळा उजेड झिरपत राहिला. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने मागच्या डाव्या टायरमधून खिळा उपसून हातावर ठेवला, तेव्हा ते म्हणाले की त्यांना वाटलंच होतं. मी टिकली नखाने खरवडून काढली. बोलले काहीच नाही. बोलण्याचं एकदा सुरू केलं असतं तर ते टायरपाशी थांबलं नसतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमचं घर कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे आणि चारी अंगांना ऊस आहे. तोड सुरू झाली की फडातले उंदीर घरांत आणि गाड्यांत शिरतात, वायरी कुरतडतात. त्यावर आमच्याकडचा उपाय ठरलेला: तंबाखूच्या पानांची पुरचुंडी करून बॉनेटच्या आत बांधायची. त्या वासाला उंदीर फिरकत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात त्यांनी तंबाखू बांधली आणि रेडिएटरमागे सुतळीने लोंबती ठेवली. प्रयागराजच्या परेडीत ती जागेवर दिसली नाही. सुतळी तुटून रस्त्यात पडली असेल, असं ते म्हणाले. आम्ही दोघांनीही ते खरं मानलं.

त्याच दिवसापासून मला एक नवा आवाज ऐकू येऊ लागला होता. गाडी कुठे थांबली की पुढून फडफड यायची, वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यावर आपटावं तशी. गाडी पळू लागली की तो आवाज वाऱ्यात बुडून जायचा. गोरखपूरच्या गर्दीत एका फाटकापाशी आम्ही बराच वेळ अडकलो. तिथे फडफडीच्या जागी एक दबलेला घुमारा आला, कुणीतरी तोंड मिटून कण्हत असल्यासारखा; आणि मग तोही थांबला. एसीच्या झडपेतून कोमट, धुळकट वास येऊ लागला. मी म्हणाले, काहीतरी बंद पडलंय. ते म्हणाले, इंजिन चांगलं बोलतंय. मी इतकी दमले होते की मान काचेला टेकवली आणि ऐकणं सोडून दिलं. माझी चूक झाली ती तिथे.

सोनौलीपुढचं बुटवल सोडलं की रस्ता लगेच डोंगराच्या कुशीत शिरतो. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल खाली तिनाऊ नदी. पुढे मालाने लादलेले ट्रक. त्यांच्या मागून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं. अर्ध्या तासाने डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पाण्यात बुडवलेल्या तापमापकाचं चित्र होतं. पिवळ्या दिव्याशी वाद घालता येतो, लाल दिव्याशी येत नाही, हे त्यांनाही मान्य असावं, कारण चहाच्या एका टपरीपाशी त्यांनी न बोलता गाडी बाजूला घेतली.

बॉनेटवर हात ठेववत नव्हता. तापलेल्या रबराचा आणि कसल्या तरी करपलेल्या पानाचा वास येत होता. आम्ही तासभर थांबलो. मग त्यांनी रेडिएटरच्या बाटलीत पाणी भरलं, मला चालकाच्या जागेवर बसवलं आणि एसी लावून गाडी सुरू करायला सांगितलं. एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरलाच पाहिजे. स्वतः पुढच्या जाळीपाशी वाकले, डोळे मिटले, कान लावला. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. अशा वेळी त्या चेहऱ्यावर येणारी एकाग्रता मी आयुष्यभर पाहत आले आहे; देवापुढेसुद्धा त्यांचा चेहरा तसा होत नाही.

त्यांनी अंगठा वर केला. "चाललाय पंखा. झ्याक आवाज हाय."

मला इंजिन ऐकू येत होतं. टपरीतला स्टोव्ह, खालची नदी, वरच्या वळणावरचा हॉर्न, सगळं ऐकू येत होतं. पंखा ऐकू येत नव्हता. पुढे कित्येक तासांची चढ-उतार होती आणि ते पुन्हा चालकाच्या दाराकडे यायला निघाले होते.

मी गाडी बंद केली, उतरले आणि त्यांच्या अगदी जवळ गेले.

"अहो, पंखा फिरत नाही."

"आत्ता ऐकला की मी."

"नाही ऐकला. तुम्हाला ऐकू येत नाही. आला असं वाटलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जाळीत अडकलेला एक मेलेला टोळ त्यांनी बोटाने काढला, खाली टाकला.

"कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"आन् बोलली न्हाईस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

ते टपरीच्या बाकावर जाऊन बसले. माझ्याशी नव्हे, समोरच्या कातळाशी बोलावं तसं म्हणाले की ट्रकच्या मागं पलटणीची पोरं झोपलेली असायची. बर्फात पुढचं काही दिसायचं नाही. सगळी गाडी आवाजावर चालवली. मी शेजारी बसले. मला रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. फक्त आता थोडा वेळ काहीही ऐकायचं नाही, एवढंच वाटत होतं.

टपरीवाल्या बाईंनी फोन करून बुटवलहून मिस्त्री बोलावला. त्याने आत हात घालून पंख्याच्या पात्यांभोवती पिळा बसलेलं कापड ओढून काढलं. माझी साडी, निळ्या काठाची. तिच्यातून भाजलेली तंबाखू भुरभुर गळाली आणि तो सलग चार वेळा शिंकला. पंखा अडकून त्याचा फ्यूज उडाला होता. हे काय आणि कशासाठी, असं त्याने विचारलं. मी मोडक्या हिंदीत उंदरांची हकिकत सांगितली. तो तोंड पुसत म्हणाला, "चूहे हमारे यहाँ भी हैं माताजी, पर हम बिल्ली पालते हैं।"

टपरीवाल्या बाई हसल्या, मीही हसले. ह्यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं. मी जवळ जाऊन, मोठ्याने, सगळं वाक्य मराठीत सांगितलं. तेव्हा तेही हसले, सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटेच.

फ्यूज बदलून पोखऱ्यापर्यंत आम्ही गेलो. दोन दिवस नुसते झोपून काढले. मुक्तिनाथचा रस्ता तिथून पुढे फार खडतर आहे, असं त्यांनीच मला सांगितलं, जणू ते आधी ठाऊक नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडी त्यांनीच चालवली आणि मी शेजारी बसून आवाज सांगत आले: मागून ट्रक हॉर्न देतोय, डावीकडे मोटारसायकल आहे, ब्रेक किंचित करकरतोय. नागपूरला पोहोचेपर्यंत माझा घसा बसला. सांगणं झाकण्यापेक्षा सोपं असेल असं मला वाटलं होतं. तसं ते नव्हतं.

कानांचं सांगायला मुलीला फोन त्यांनी स्वतःच केला, स्पीकर न लावता. ती काय बोलली ते मला कळलं नाही. ह्यांनी नुसतं "व्हय, व्हय" म्हणून ठेवून दिला.

मिरजेत कानाची तपासणी झाली. काचेच्या लहान खोलीत त्यांना बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मी बाहेरच्या खुर्चीवरून बघत होते. बोट खूप वेळ मांडीवरच राहायचं. डिझेलच्या इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्यांचं असंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. गाडीचं ह्यांनी विचारलं. यंत्र लावून चालवा, यंत्राशिवाय नको, आणि लांबचं आता सोडा, असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात यंत्र बसवून घेतलं आणि आम्ही मिरजेहून घरी निघालो. गाडी ते चालवत होते.

पहिल्याच चौकात त्यांनी दचकून विचारलं, "ह्यो कसला आवाज?"

"वळणाच्या दिव्याचा."

"एवढा वाजतो व्हय त्यो?"

मग माझ्या बांगड्या, सीटचं रेक्झिन, त्यांचा स्वतःचा श्वास. प्रत्येक आवाजाला ते कपाळाला आठी घालत होते. सांगली मागे पडली तसे उसाचे ट्रॅक्टर लागू लागले. प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि टपावर कर्णे लावून गाणी सोडलेली. आष्ट्याच्या पुढे त्यांनी गाडी कडेला घेतली, कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं. हात चाकावरच ठेवून थोडा वेळ बसले. यंत्राशिवाय नको, हे त्यांना आठवत असणार.

"घे, फुडं तू चालव," ते म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले.

आम्ही गाडीपुढून एकमेकांच्या जागेवर गेलो. मी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. समोर उसाने लादलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता, आणि रस्त्यावर पडलेल्या पाचटावरून टायर चालले की गवतात पाऊल पडल्यासारखा आवाज येत होता.

"तिसरा टाक," ते म्हणाले.

"ऐकू येतंय का तुम्हाला?" मी ओरडून विचारलं.

"न्हाई. हातात कळतंय." त्यांचा तळवा दारावर चपटा टेकलेला होता. "टाक तिसरा. आन् काढ की त्येच्या फुडं."

मी तिसरा टाकला. पुढे मात्र काढली नाही. महामार्ग लागतो त्या पेठ नाक्यापर्यंत आम्ही त्या ट्रॅक्टरच्या मागेच राहिलो.