मागून आणलेल्या पिठाचे रोडगे

साडेनऊला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेअकराला. उशीर माझ्यामुळे झाला असं घरातले म्हणतात. मी म्हणतो, सामान नीट लावायचं तर वेळ जातोच.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नागपूरला पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं व्हॉल्वमन होतो, म्हणजे वस्तीवस्तीला पाणी सोडायचं आणि बंद करायचं. लिहायची सवय नाही. पण आपल्या वस्तीतली मंडळी फोनवर विचारतात, एवढे दिवस ऑस्ट्रेलियात अडकलात, पाहिलं काय? तर बाबांनो, दीड वर्षाच्या वर चार भिंती पाहिल्या आणि मग तीन दिवस हे पाहिलं.

मी आणि माझी बायको पंचफुला तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलो होतो. मुलगा राहुल, सून प्रज्ञा, आठ वर्षांची नात मैत्री. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी आहे, तिथे त्यांचं घर. आम्ही आलो आणि मागून कोरोना आला. विमानं बंद. व्हिसा वाढवत बसलो. गावाकडे दुसरी लाट आली त्यात पंचफुलाचा धाकटा भाऊ नामदेव गेला. शेवटचं त्याला ती बघू शकली ते फोनच्या काचेत, तेही दोन मिनिटं.

तेव्हापासून तिचं अन्न सुटलं. सकाळी चहात बुडवून अर्धा टोस्ट. दुपारी दोन घास भात, तोही कोणी समोर बसलं तर. डॉक्टरने रक्त तपासलं, सगळं बरं निघालं. विचारलं की एकच उत्तर, "भूक नाही लागत." माझ्याशी भांडायचीसुद्धा बंद झाली. चव्वेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा मी मनातून घाबरलो.

लॉकडाउन उठला, शहराबाहेर जायची मोकळीक झाली. राहुलने फोनवर फोटो दाखवले.

"बाबा, लाकडाची केबिन आहे, फार्मवर. नेटवर्क नाही, टाकीचं पाणी. बाहेर आग पेटवता येते."

"म्हणजे झोपडी."

"केबिन, बाबा."

"माझा जन्म झोपडीत झाला. सिमेंटचं घर उभं करायला अर्धी जिंदगी गेली. आता तू भाडं भरून मला परत झोपडीत नेतो?"

मैत्री म्हणाली, "आजोबा, इट्स अ गेटअवे."

प्रज्ञा भांडी पुसत होती. मागे न बघता म्हणाली, "आईंसाठी चाललोय, बाबा."

मग पंधरा दिवस तयारी. फ्रिजवर यादी लागली. चादरी, उश्यांचे अभ्रे आपले आपण न्यायचे. लसीचं सर्टिफिकेट फोनमध्ये. मी सांगून टाकलं, खाण्याची पिशवी मी भरणार, कोणी हात लावायचा नाही. प्रज्ञाने यादी पुढे केली तर मी परत दिली. तेहतीस वर्षांत मी एकही व्हॉल्व सोडायला विसरलो नव्हतो, मला यादी कशाला? कणीक, तूरडाळ, तिखट, लसूण, वांगी, सगळं भरलं.

शहर संपलं आणि आकाश एकदम मोठं झालं. बॅलरॅटला थांबून बेकरीतला पाय (मटण भरलेली खारी करंजीच म्हणा) घेतला. दारात फोनने क्यूआर कोडचा चौकोन टिपल्याशिवाय आत सोडत नाहीत. पंचफुलाने पायचं टोक मोडलं आणि परत कागदात गुंडाळून ठेवलं. पुढे पिकायला आलेला गहू, मध्ये मध्ये पिवळी शेतं, आणि निलगिरीच्या जातीची झाडं, साल अंगावरून लोंबणारी. मैलामैलात माणूस नाही. आपल्याकडे एवढ्या जागेत चार गावं आणि आठ भांडणं बसली असती. पंचफुला काचेला डोकं टेकवून होती. झोपली की बघते आहे, कळत नव्हतं.

तीनला पोचलो. केबिन खरंच लाकडाची होती, पण चांगली. पत्र्याचं छप्पर, त्याचं पाणी टाकीत उतरवलेलं. मी आधी टाकी ठोकून पाहिली. पाऊण भरली होती. पाइपाची जोडणी पक्की. म्हटलं, करणाऱ्याला काम येतं.

पुढच्या अंगणात दगडांनी गोल बांधलेली आगटी होती, बाजूला फोडलेली लाकडं. पंचफुला गाडीतून उतरली आणि तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "इथं रोडगे छान होतील. नाम्याले लय आवडत होते."

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, निखाऱ्यात भाजून तुपात बुडवायचे, विदर्भातल्यांना सांगायला नको. पण हे तिचं सहा-सात महिन्यांतलं पहिलं मागणं होतं. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. राहुलने पाहिलं. मी ऐटीत डिकी उघडली.

पिशवी नव्हती. चादरी होत्या, लाकडाची पोती होती, मैत्रीची सायकल होती. ती सायकल बसावी म्हणून मी पिशवी काढून गॅरेजच्या दाराशी ठेवली होती. तिथेच असणार.

प्रज्ञाने वेगळ्या घेतलेल्या बर्फाच्या डब्यात फक्त दूध, अंडी, लोणी आणि नूडल्स. जवळच्या गावातलं दुकान शनिवारी दुपारी एकलाच बंद होतं, आणि तो शनिवारच. राहुल म्हणाला, "मी बॅलरॅटला जाऊन येतो, अडीच तास."

पंचफुला म्हणाली, "राहू दे. नाही तरी भूक कोणाले आहे?" आणि आत जायला वळली.

अडीच तास मला परवडणार नव्हते. व्हॉल्व थोडा उघडला की लगेच फिरवत न्यावा लागतो, सोडला तर गंजलेला परत बसतो. मी घमेल्यासारखं एक भांडं उचललं आणि फार्मच्या मालकाच्या घराकडे चालू लागलो. राहुल मागून, "बाबा, मी येतो." मी म्हणालो, "चुकलो मी, जातो मी."

लिहायला सोपं आहे. मी आयुष्यात कोणाच्या दारात भांडं घेऊन गेलेलो नाही. लहानपणी माझी आई जायची, मी कोपऱ्यावर तोंड लपवून उभा राहायचो. तेव्हाच ठरवलं होतं.

मालकाचं नाव नॉर्म, माझ्याच वयाचा. कुंपणाशी उभा होता, सोबत कुत्रा. मी जवळ गेलो आणि तोंडच उघडेना. बाजूला मेंढ्यांचा पाण्याचा हौद होता, तो वाहत होता. खाली चिखल. मी भांडं खाली ठेवलं, बाही वर केली, हात घातला. फ्लोटची, म्हणजे तरंगत्या गोळ्याची, दांडी वर वाकली होती, म्हणून पाणी बंद होत नव्हतं. दांडी खाली दाबून वाकवली. धार बारीक झाली आणि थांबली.

नॉर्म लांबलचक काही बोलला. त्यातलं 'लेझी' मला कळलं, ते तो स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला. मी म्हटलं, "थर्टी थ्री इयर्स, वॉटर." त्याने मान डोलवली.

मग मी भांडं दाखवलं, हवेत कणीक मळून दाखवली. "माय वाइफ. सिक्स मंथ, नो ईट. टुडे, शी वॉन्ट." एवढंच आलं.

तो आत गेला, मैद्याची थैली घेऊन आला. बटाटे, कांदे, आणि करी पावडर म्हणून एक डबा, ज्यात हळदच हळद. मी हात जोडले. तो म्हणाला, "नो वरीज, मेट."

प्रज्ञाने थैली वाचली. "आई, हा सेल्फ-रेझिंग आहे, यात सोडा घातलेला असतो. फुगतील."

"फुगू दे," पंचफुला म्हणाली. पदर खोचला होता. "आणि तुमी असे उभे काहून? निखारे कोण करंल, मेंढ्या?"

मी निखारे करायला बसलो. सहा वाजले तरी लख्ख ऊन होतं. गोळे राखेत गेले आणि खरंच फुगले, क्रिकेटच्या चेंडूएवढे झाले. नॉर्म चालत आला, चार हात लांब उभा राहिला आणि हसला. "दॅट्स डॅम्पर."

राहुलने समजावलं. नॉर्मचे आजोबा मेंढ्या हाकत महिना महिना जायचे, तेव्हा राखेत हीच भाकर भाजायचे. त्यांचा डॅम्पर, आपला रोडगा.

पंचफुलाने पहिला रोडगा बाजूला काढला, डोळे मिटून त्रिशरण म्हटलं, हळू आवाजात. मैत्रीही उभी राहिली, तिला पाठ आहे. मग पंचफुलाने दुसरा रोडगा उचलून नॉर्मला दिला. "राहुल, त्याले सांग, राख झटकून खा म्हणा. कपड्याले पुसू नको म्हणा." नॉर्मने पँटलाच पुसला.

मग ती बसली. रोडगा फोडला, लोण्यात बुडवला. मी निखारे सारखे करत राहिलो, बघत नाही असं दाखवत. एक संपला. दुसरा घेतला. बटाट्याच्या रश्श्याला नावं ठेवली. दुसरा संपताना ती रडली, खूप रडली, आणि रडता रडता खात राहिली. प्रज्ञा तिच्याजवळ जाऊन बसली. मी राखेत काडी फिरवत होतो.

पुढचे दोन दिवस फिरलो, एका टेकडीवर चढलो, मी घसरून पडलो. त्याचं फार सांगण्यासारखं नाही. झोपडी चांगली होती, हे मी राहुलला अजून सांगितलेलं नाही. इथे लिहितो.

परत येताना बॅलरॅट यायच्या आधी मागच्या सीटवरून आवाज आला, "राहुल, भूक लागली."

 राहुलने पहिल्या दुकानापाशी गाडी लावली आणि गरम चिप्स आणल्या. पंचफुलाने दोन खाल्ल्या आणि म्हणाली, "मीठच नाही याच्यात."

दार उघडायला राहुलचा हात गेला होता. मी त्याच्या आधी उतरलो, दुकानात गेलो आणि काउंटरवरच्या पोरीला म्हणालो, "सॉल्ट, प्लीज. माय वाइफ इज ईटिंग."